‘विथ’च्या सोबतीनं : प्रस्तावना

दुधनीच्या मार्केट यार्डात तुरीचं पोतं काट्यावर चढलं, की वजन बारदान्यासकट धरायचं की बारदाना वजा करून, हे आधी बोलून घेतात. रिकाम्या पोत्याचं वजन ते किती! पण शंभर पोत्यांमागे ते पट्टीवर दिसतं, म्हणून शेतकरी, हमाल आणि आडत्याचा मुनीम या तिघांचंही लक्ष त्या ‘सकट’वर असतं. सुट्टीत याच यार्डात वडिलांच्या हाताखाली राबणाऱ्या आठवीतल्या एका मुलाला मी वर्गात विचारलं, ‘विथ’ म्हणजे काय? तो लगेच म्हणाला, “बरोबर, सर.” मी फळ्यावर लिहिलं, ‘फिफ्टी किलोज विथ द बॅग’, आणि त्याला मराठी करायला सांगितलं. त्यानं वहीत लिहिलं, ‘पोत्याबरोबर पन्नास किलो’. मी विचारलं, “यार्डात असं म्हणतोस का रे?” तो थोडा थांबला. “नाही सर, यार्डात बारदान्यासकट म्हणतेत.” मग फळ्याकडे बघत हळूच म्हणाला, “मंग विथ म्हणजे सकट बी होतंय की, सर.”

हे पुस्तक त्या वाक्यापासून सुरू झालं.

तोपर्यंत कित्येक वर्षं मीही इतरांसारखंच शिकवत होतो. फळ्यावर डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, मध्ये समान चिन्ह. विथ म्हणजे बरोबर, ऑन म्हणजे वर, इन म्हणजे मध्ये, फ्रॉम म्हणजे पासून. मुलं चार दिवसांत पाठ करायची, गाळलेल्या जागा भरायची, गुणही मिळवायची. पण स्वतःचं एखादं वाक्य लिहायची वेळ आली की अडखळायची. झाड, बैल, विहीर अशा नामांच्या बाबतीत ही समान चिन्हाची रीत खपून जाते, कारण दाखवायला वस्तू समोर असते. ‘विथ’ला दाखवायला वस्तू नाही. दोन वस्तूंमधलं, दोन माणसांमधलं नातं काय आहे एवढंच तो सांगतो, आणि नाती कशी वाटून घ्यायची हे प्रत्येक भाषेनं आपापल्या परीनं ठरवलेलं आहे. इंग्रजीनं ज्या पंधरा-वीस नात्यांना एकच शब्द दिला, त्यांसाठी मराठीत ने, शी, बरोबर, सोबत, सह, सहित, सकट, निशी, जवळ, पाशी, संगं अशी मोठी बिरादरी आहे. काही ठिकाणी तर मराठी शब्दयोगी अव्यय वापरतच नाही. धातूला ‘ऊन’ लावते किंवा ‘चा-ची-चे’वर काम भागवते.

‘विथ’च का निवडला, असं मित्रांनी विचारलं. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पहिल्या वीसेक शब्दांत तो येतो, हे एक कारण. शिवाय शाळेतल्या पुस्तकांत तो इतका सोपा दिसतो की कुणी थांबून त्याच्याकडे बघत नाही. आणि तिसरं कारण आमचं गाव.

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अक्कलकोट रोड मागे पडलं की दुधनी येतं, आणि दुधनी सोडल्यावर थोड्याच वेळात गाडी कर्नाटकात शिरते. स्वामी समर्थांचं अक्कलकोट अलीकडे, दत्ताचं गाणगापूर पलीकडे, मध्ये आम्ही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि पलीकडचा गुलबर्गा जिल्हा हैदराबाद संस्थानाच्या वारशातून म्हैसूर राज्यात गेला. राज्यं बदलली, नावं बदलली, पण सोयरिकी, बाजार आणि बोलणं होतं तसंच राहिलं. इथं एकाच घरात आजी कन्नडमध्ये ओव्या म्हणते, वडील यार्डात मराठीत व्यवहार करतात, शेजारच्या गल्लीत दखनी उर्दू चालते, आणि मूल या तिन्हींतून वाट काढत शाळेत येतं. अक्कलकोट तालुक्यात मराठी शाळा आहेत तशा कन्नड माध्यमाच्याही आहेत. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं आणि सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात आणखी एक भाषा पडली. एवढ्या भाषा ज्याच्या कानावर रोज पडतात, त्या मुलाला नात्यांचे बारकावे कळत नाहीत असं कसं म्हणायचं? त्याला ते कळतात. ज्या भाषांतून कळतात त्या भाषांना मात्र इंग्रजीच्या तासाला कुणी हाक मारत नाही. हे पुस्तक त्या हाकेसाठी आहे.

आता मुलांच्या चुकांकडे या. चुका म्हणजे लाल शाईनं खोडायची गोष्ट, असं मी पूर्वी मानत होतो. आता मी त्या वहीत उतरवून ठेवतो, कारण मुलाच्या घरात काय बोललं जातं हे त्या सांगतात.

मराठी घरातलं मूल लिहितं, ‘टीचर इज अँग्री ऑन मी’. कन्नड घरातलं मूलही तेच लिहितं. इंग्रजीत तिथं ‘विथ’ हवा. पण मराठीत राग कुणा‘वर’ असतो, आणि कन्नडमध्येही ‘नन्न मेले सिट्टु’, म्हणजे शब्दशः ‘माझ्यावर राग’. दोन्ही भाषांत राग वरून खाली पडतो. तसंच लग्नाचं. आपण कुणा‘शी’ लग्न करतो, कन्नडमध्येही लग्न कुणाच्या ‘जोते’ होतं, म्हणून मुलं बिनधास्त ‘मॅरीड विथ’ लिहितात. इंग्रजीनं नेमक्या याच ठिकाणी ‘टू’ पसंत केला आहे. म्हणजे जिथं विथ हवा तिथं आमची मुलं ऑन लिहितात आणि जिथं नको तिथं विथ लिहितात, आणि दोन्ही वेळा त्यांनी आपल्या भाषेचं तर्कशास्त्र अगदी नीट पाळलेलं असतं.

तिसरी चूक मला फार शिकवून गेली. ‘तिनं विळीनं भाजी चिरली’ हे वाक्य मी इंग्रजीत करायला दिलं होतं. मराठी घरातल्या बहुतेक मुलांनी ‘बाय’ लिहिलं. दोन-तीन मुलींनी ‘फ्रॉम’ लिहिलं. विळी‘पासून’ भाजी? मला उलगडा होईना. मग एका मुलीनं वाक्य स्वतःशी कन्नडमध्ये पुटपुटलं आणि माझ्या ध्यानात आलं. कन्नडमधला ‘इंद’ हा प्रत्यय साधनही दाखवतो आणि जिथून निघालो ती जागाही. ‘मनेयिंद’ म्हणजे घरापासून, घरातून. ‘कत्तियिंद’ म्हणजे कत्तीनं, सुरीनं. हिंदीतला ‘से’ही असाच दुहेरी आहे. त्या मुलींनी ‘इंद’चं इंग्रजी केलं होतं, आणि शाळेनं त्यांना ‘इंद’ म्हणजे ‘फ्रॉम’ एवढंच सांगितलेलं होतं. त्या दिवसापासून मी वहीत चूक दिसली की आधी विचारतो, “घरात हे कसं म्हणता?” उत्तर आलं की अर्धी दुरुस्ती तिथंच होते.

सरहद्दीवरच्या भाषा एकमेकींच्या शेजारी राहून कशा बदलतात याचा एक गाजलेला अभ्यास आपल्याच भागातला आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी तिथलं बोलणं तपासलं आणि १९७१ साली त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. तिथली कन्नड, मराठी आणि उर्दू पिढ्यान् पिढ्या एका गावात नांदून इतक्या जवळ आल्या होत्या, की शब्द वेगळे राहिले तरी वाक्याचा साचा बराचसा एकच झाला होता. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जगभर कुपवाड हे नाव त्यामुळे माहीत आहे. दुधनीचा असा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही, पण इथल्या कन्नडमध्ये ‘नन्न जोते बा’ऐवजी ‘नन्न जोडी बा’ ऐकू येतं आणि इथलं मराठी पोर ‘मी याच्या जोडीनं यायलोय’ म्हणतं, तेव्हा ‘जोडी’ हा शब्द दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर बसलेला दिसतो. तो कुणाचा, हे विचारायची गरज पोरांना पडत नाही.

व्याकरणाची एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. इंग्रजीत हा शब्द नामाच्या आधी येतो, मराठीत आणि कन्नडमध्ये नामाच्या मागे. ‘विथ राम’, ‘रामाबरोबर’, ‘रामन जोते’. आपल्याकडे नाम आधी स्वतःचं रूप बदलतं, ‘राम’चा ‘रामा’ होतो, आणि मग अव्यय त्याला चिकटतं. म्हणून ‘शब्दयोगी’ हे नाव किती नेमकं आहे बघा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ साली आलं, मोरो केशव दामल्यांचं १९११ साली. तेव्हापासून विभक्तिप्रत्यय कशाला म्हणायचं आणि शब्दयोगी अव्यय कशाला, यावर आपल्याकडे भरपूर खल झाला आहे. शाळेत ‘ने’ आणि ‘शी’ तृतीयेत शिकवतात, ‘बरोबर’ आणि ‘सकट’ अव्ययांत. ‘विथ’ला या कप्प्यांशी देणंघेणं नाही, तो दोन्ही कप्प्यांतून हात फिरवतो. म्हणून या पुस्तकात मी कप्पे बाजूला ठेवून वाक्यांच्या मागे गेलो आहे.

‘विथ’चा इतिहास मात्र थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण तो कळल्यावर कितीतरी विचित्र वाटणारी वाक्यं सरळ होतात. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ होता विरुद्ध, समोर. सोबतीसाठी त्या काळी ‘मिड’ हा वेगळा शब्द होता, जर्मनमध्ये तो आजही ‘मिट’ म्हणून जिवंत आहे. पुढच्या दोन-तीन शतकांत ‘विथ’नं ‘मिड’ची जागा घेतली आणि ‘मिड’ नाहीसा झाला. त्याची एक खूण राहिली, ‘मिडवाइफ’. आपण वाचताना तिथला ‘मिड’ म्हणजे मधला असं समजतो. तो जुना सोबतीचा ‘मिड’ आहे: बाळंतिणीच्या सोबत असलेली बाई. आपली सुईण, कन्नडमधली सूलगित्ती.

जुन्या विरोधाच्या अर्थाच्या खुणाही शिल्लक आहेत, आणि त्यांतली एक तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. बँकेत पैसे काढायला गेलेला शेतकरी ‘विड्रॉलची स्लिप द्या’ म्हणतो. त्या ‘विड्रॉल’च्या आरंभी ‘विथ’ आहे, आणि त्याचा अर्थ तिथं ‘मागे’, ‘आपल्याकडे परत’ असा आहे. पैसे बँकेतून मागे ओढून घेणं म्हणजे विड्रॉल. परीक्षेचा निकाल राखून ठेवला की ‘विथहेल्ड’ म्हणतात, तिथंही हाच. ‘विथस्टँड’ म्हणजे समोर उभं राहून तोंड देणं. ज्या मुलाला विथ म्हणजे फक्त बरोबर एवढं सांगितलंय, त्यानं हे तीन शब्द कसे फोडायचे?

विरोधाचा शब्द सोबतीचा कसा झाला असेल? मला याचं उत्तर आपल्या ‘शी’मध्ये दिसतं. शत्रूशी लढतो, भावाशी भांडतो, मैत्रिणीशी बोलतो, मुलीशी लग्न करतो, परिस्थितीशी झगडतो, देवाशी एकरूप होतो. या सगळ्यांत दोन जण समोरासमोर आहेत. समोरचा वैरी आहे की सखा, हे ‘शी’ सांगत नाही, क्रियापद सांगतं. समोरासमोर येण्यातून वैरही निघतं आणि संगतही.

आणि हीच गोष्ट ‘बरोबर’मध्येही आहे हे मला फार उशिरा कळलं. ‘बरोबर’ फारसीतून आला. ‘बर’ म्हणजे छाती, ‘बराबर’ म्हणजे छातीला छाती. छातीला छाती भिडवून दोघं उभे राहिले की ते समान होतात, म्हणून ‘बरोबरी’. मापाला माप जुळलं की ‘गणित बरोबर’. छातीला छाती लावून चालले की ‘माझ्याबरोबर चल’. आणि छातीला छाती भिडलीच आहे, तर ‘त्याच्याबरोबर भांडण झालं’. फारसीत तर हाच शब्द ‘च्या विरुद्ध’, ‘च्या समोर’ या अर्थानंही चालतो. इंग्लंडात ‘विथ’नं केलेला प्रवास आणि इराणातून आपल्याकडे आलेल्या ‘बरोबर’चा पिंड यांत एवढं साम्य सापडावं, याचा मला आजही आनंद वाटतो. ‘सोबत’चं घराणं वेगळं. तो अरबीतल्या ‘सोहबत’पासून आला, आणि ज्या धातूपासून सोहबत निघाला त्याच धातूपासून ‘साहेब’ निघाला. साहेब म्हणजे मुळात सोबती. ‘सोबत’मध्ये म्हणूनच वैर शिरत नाही. त्याच्या‘बरोबर’ भांडलो असं आपण म्हणतो, त्याच्या‘सोबत’ भांडलो हे आताशा ऐकू येतं खरं, पण जुन्या माणसांच्या कानाला ते खटकतं.

हा फरक फक्त शब्दांच्या हौसेचा नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात उठाव झाला, मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिली गेली. चार हुतात्म्यांवरच्या निबंधात एका मुलीनं लिहिलं, ‘दे फॉट विथ द ब्रिटिश’. वाक्य व्याकरणात बसतं. पण इंग्रजी वाचकाला त्यातून ‘ते ब्रिटिशांच्या बाजूनं लढले’ असाही अर्थ लागू शकतो, कारण इंग्रजीनं जुना विरोध आणि नवी सोबत एकाच शब्दात ठेवली आहे. मी तिला ‘अगेन्स्ट’ लिहायला सांगितलं आणि कारण समजावलं. तिचा चेहरा गंभीर झाला. ती म्हणाली, “सर, मराठीत ब्रिटिशांशी लढले म्हटलं की झालं. दुसरा अर्थच निघत नाही.” खरं आहे. ‘शी’ लढताना कधी बाजू बदलत नाही.

आता ‘ने’. ‘रामानं चाकूनं आंबा कापला’ या वाक्यात ‘ने’ दोनदा येतो, एकदा रामाला आणि एकदा चाकूला. मराठीला त्यात काही अवघड वाटत नाही. राम कापणारा, चाकू कापायचं साधन, हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत मात्र हेच वाक्य कर्मणी केलं की रामाला ‘बाय’ आणि चाकूला ‘विथ’ मिळतो: ‘द मँगो वॉज कट बाय राम विथ अ नाइफ’. ज्याच्या मनात आहे तो बाय, ज्याच्या हातात आहे ते विथ. मुलांना हे एकदा सांगितलं की ती विसरत नाहीत, पण सांगावं लागतं, कारण त्यांच्या भाषेनं तो फरक प्रत्ययात ठेवलेला नाही. हाच ‘ने’ पुढे जाऊन कारणही दाखवतो, आणि तिथं इंग्रजी पुन्हा ‘विथ’कडेच येते. थंडीनं कुडकुडणं, भीतीनं थरथरणं, आनंदानं नाचणं, या तिन्हींत इंग्रजीत विथ. थंडीला आणि भीतीला भाषेनं जणू अवजार मानलं. मराठीनंही मानलं. दोन्ही भाषांना न ठरवता एकच सुचलं, आणि मुलाला हे दाखवलं की इंग्रजी परकी वाटेनाशी होते. म्हणून हा भाग पुस्तकात मी लांबवला आहे. तो वगळू नका.

यानंतर येतात ती वर्णनाची वाक्यं. ‘अ मॅन विथ अ बॅग’ याचं भाषांतर वर्गातल्या निम्म्या मुलांनी ‘पिशवीबरोबर माणूस’ असं केलं होतं, जणू पिशवीच माणसाला घेऊन निघाली आहे. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘पिशवीवाला माणूस’. तेच बरोबर होतं. लाल रिबिनीची मुलगी, मोठ्या शिंगांचा बैल, दोन खणांचं घर, साखरेचा चहा: इंग्रजीत या सगळ्यांत विथ येतो, मराठीत ‘चा’, ‘ची’, ‘वाला’. इथं कुणी कुणाच्या सोबत नाही. एक दुसऱ्याची ओळख आहे. ‘बरोबर’ हा अर्थ पाठ केलेलं मूल नेमकं इथं फसतं, आणि ज्यानं बाजारात ‘लाल पागोट्यावाले आजोबा’ असं हजारदा ऐकलंय, त्याला उत्तर आधीपासून येत असतं.

त्याहून अवघड वाक्यं म्हणजे अवस्था सांगणारी. ‘ही स्लेप्ट विथ द डोअर ओपन’. इथं मराठी अव्यय शोधत बसू नये, ‘दार उघडं ठेवून झोपला’ म्हणावं. तोंडात घास घेऊन बोलू नकोस, हात खिशात घालून उभा राहू नकोस, डोळे मिटून बस: आईनं रोज बोललेल्या या वाक्यांचं इंग्रजी ‘विथ’नं होतं. ‘ऊन’ आणि ‘विथ’ यांची ही जोडी मला शाळेच्या कुठल्याच पुस्तकात मिळाली नाही, आणि माझ्या मते मराठी मुलासाठी या पुस्तकातला हाच सर्वांत उपयोगी धडा आहे. याच घरातलं आणखी एक: ‘विथ ऑल हिज फॉल्ट्स’. शब्दशः ‘त्याच्या सगळ्या दोषांसकट’, पण बोलताना आपण म्हणतो ‘एवढे दोष असूनही’. ‘सकट’नं स्वीकार दिसतो, ‘असूनही’नं विरोध. संदर्भ बघून निवडावं.

‘सकट’ आणि ‘निशी’ यांच्याबद्दल मला विशेष माया आहे. झाड मुळासकट उपटलं, पोरगं कपड्यांनिशी विहिरीत पडलं, पुराव्यानिशी सांगितलं. इंग्रजीत सगळीकडे विथ लिहून काम भागतं, पण ‘कपड्यांनिशी’मधली घाई आणि ‘मुळासकट’मधला निकाल त्यात उतरत नाही. इंग्रजीतून मराठीत येताना हे शब्द आपल्याला सुचले पाहिजेत. आजकालच्या भाषांतरांत सगळीकडे ‘सह’ दिसतो: कागदपत्रांसह, कुटुंबासह, समस्यांसह, आशेसह. ‘सह’ हा चांगला संस्कृत शब्द आहे, पण तो एकटाच राबतो आहे आणि बाकीचे रिकामे बसले आहेत. तो भार वाटून द्यायला हवा.

तोडण्याचा ‘विथ’ मी एकाच पानात आटोपला आहे. पार्ट विथ, ब्रेक विथ, डन विथ: जवळची वस्तू देऊन टाकणं, नातं तोडणं, एखादी गोष्ट संपवणं. जुना विरोध इथं पुन्हा डोकं वर काढतो. घोषणेतला ‘डाउन विथ’ म्हणजे मुर्दाबाद, आणि तापानं अंथरूण धरलेल्या माणसालाही ‘डाउन विथ फीव्हर’च म्हणतात. ही वाक्यं पाठच करावी लागतात.

पुस्तक छापायला जाण्याआधी एका स्नेह्यानं विचारलं, विथ आता मराठीतच आला आहे, त्याचं काय? आला आहे, हे खरं. ‘विथ फॅमिली या’ असं लग्नाचं आमंत्रण फोनवर मिळतं, जुना मोबाईल ‘विथ बॉक्स’ विकला जातो, दुकानदार भाव ‘विथ जीएसटी’ सांगतो. मला त्याची भीती वाटत नाही. फारसीतून बरोबर आला, अरबीतून सोबत आला, तसा हाही दारात उभा आहे. एक मात्र लक्षात घ्या. मराठीत आलेला हा विथ अजून नामाच्या आधीच येतो, ‘फॅमिलीविथ’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे तो अजून शब्दयोगी झालेला नाही, पाहुणाच आहे. आणि पत्रिकेवर आजही ‘सहकुटुंब सहपरिवार’ असंच छापतात. तोंडी विथ आणि छापील सह, दोन्ही एकाच घरात नांदताहेत.

शब्दकोशांची मदत मी भरपूर घेतली. कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली. आजही एखाद्या शब्दाशी अडलो की मी त्यांच्याकडे जातो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली. ‘विथ’ त्या अगदी शेवटच्या भागात आहे. चव्वेचाळीस वर्षं वाचकांना त्याची वाट पाहावी लागली. पण कोश शब्दाशेजारी शब्द देतो, वाक्य आपल्याला मुलांच्या तोंडून गोळा करावं लागतं. या पुस्तकातली वाक्यं वर्गातली, यार्डातली, स्टेशनावरची आणि घरातली आहेत. कन्नड वाक्यं मी कन्नड माध्यमाच्या शिक्षकमित्रांकडून तपासून घेतली आहेत. उच्चार मराठीच्या नेहमीच्या देवनागरीत लिहिताना कन्नडमधला ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ दाखवता येत नाही, तेवढी उणीव वाचकांनी वाचताना भरून काढावी.

शिक्षकांना माझी विनंती आहे की हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शिकवू नये. मुलाच्या वहीत ‘विथ’ची चूक सापडेल तेव्हा तो धडा उघडावा, आणि उघडण्याआधी त्याला विचारावं, हे तू घरी कसं म्हणतोस. उत्तर मराठीत येईल, कन्नडमध्ये येईल, उर्दूत येईल. ते फळ्यावर लिहावं, जसं येईल तसं, शुद्धलेखन न सुधारता. मग त्याच्या शेजारी इंग्रजी वाक्य लिहावं. पुस्तकाच्या शेवटी आठ पानं कोरी सोडली आहेत. ती तुमच्या वर्गातल्या वाक्यांसाठी आहेत. भरली की मला पाठवा. पुढच्या आवृत्तीत ती वाक्यं घालण्याचा शब्द मी आताच देतो.